सार्जंटचं ‘आपण’

आमच्या कालगुर्ली गावातल्या हॉलमध्ये एक कमी बजेटचा ऑस्ट्रेलियन क्राइम सिनेमा लागला होता. पुण्याहून आलेल्या आईला इथलं इंग्रजी कळत नाही, म्हणून मी तिच्या कानाशी मराठीत सांगत होतो. तिचे प्रश्न संपेनात, मला वैताग आला होता.

सिनेमात एक ॲबोरिजिनल, म्हणजे इथली मूळची आदिवासी, बाई आपल्या बेपत्ता मुलीला लाल मातीत एकटीच शोधत हिंडते. पोलीस तक्रारसुद्धा घेत नाहीत. शेवटी मुलीचं प्रेत सापडतं, तेव्हा सार्जंट टोपी काढून त्या बाईला म्हणतो, “वी लॉस्ट हर.”

“आपण तिला गमावलं, म्हणतोय,” मी सांगितलं.

आई इतक्या मोठ्यांदा बोलली की पुढच्या रांगेतले गोरे वळून बघायला लागले.

“‘आपण’ कुठलं? हा कधी गेला होता शोधायला?”