आपांचा तोंडी हुकूम

आपा मंत्रालयातल्या सचिवांशीही कोल्हापुरीतच बोलायच्या. व्हिडिओ बैठकीत बाकीचे जिल्हे ‘नोंद घेतली आहे, सर’ म्हणत, तेव्हा आमच्या अप्पर जिल्हाधिकारी बाई सांगत, ‘व्हय सर, झालंय की काम.’ पलीकडं हशा पिकायचा. हातकणंगल्याच्या शिंप्याची ही लेक नायब तहसीलदार म्हणून लागली आणि पायरी पायरीनं वर आली. सगळी कचेरी त्यांना थोरल्या बहिणीसारखं आपाच म्हणे.

मी तेव्हा राधानगरीला तहसीलदार होतो. एका पावसाळ्यात नदीकाठची वाडी पाण्यानं वेढली. साखर कारखान्याच्या आवारात ट्रॅक्टर उभे होते, पण व्यवस्थापक लेखी आदेशावर अडून बसला. मी आपांना फोन लावला. ‘ट्रॅक्टर काढा रावसाहेब. कागद मागनं येतील,’ त्या म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत वाडी म्हशींसकट बाहेर आली.

कारखान्यानं तक्रार केली, चौकशी लागली. राज्यसेवेतून भारतीय प्रशासन सेवेत घ्यायच्या अधिकाऱ्यांची निवड तोंडावर आली होती. वयामुळं आपांची ही शेवटची संधी, आणि चौकशी चालू असली की नाव अडकून पडतं. वरच्या एका हितचिंतकानं त्यांना सुचवलं, हुकूम तोंडीच होता, तहसीलदारानं परस्पर केलं म्हणून कळवा.

हे आपांनीच मला जेवताना सांगितलं.

‘मग तुम्ही काय म्हणालात?’

‘म्हटलं, हुकूम माझाच हाय. रावसाहेबांची अजून लई नोकरी ऱ्हायलीय. मी काय, आहे तिथनंच रिटायर हुईन.’ आणि शेंगदाण्याची चटणी माझ्या ताटात वाढली.

चौकशी अधिकारी वाडीत गेले. तिथली एक म्हातारी त्यांना म्हणाली, ‘ट्रॅक्टर आलं नसतं, तर तुमाला जबाब द्यायला हितं कोण असतं, पावणं?’ निवड समिती बसण्याआधी चौकशी बंद झाली. यादीत आपांचं नाव आलं आणि कचेरीत पेढे कमी पडले.

नेमणूक विदर्भातल्या एका जिल्ह्याची कलेक्टर म्हणून झाली. निघायच्या दिवशी राधानगरीची वाडी फाटकाशी हजर. सरकारी गाडीत आपांनी घरच्या कुणाला कधी बसवलं नव्हतं. त्या दिवशी गाडी भाड्याची होती. त्यांच्या अम्मी येऊन थेट पुढच्या सीटवर बसल्या.

‘अम्मी, मागं ऐसपैस बसा की.’

‘तू बस मागं,’ अम्मी पदर सावरत म्हणाल्या. ‘कलेक्टरची आई हाय मी. लोकांना दिसायला नको व्हय?’

आपा निमूट मागं बसल्या. त्यांनी कुणाचा हुकूम विनातक्रार पाळलेला मी तेवढाच पाहिला.