कृपया नसलेलं गाऱ्हाणं

चंदनसारच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर चंद्रहास गुरव, सगळ्यांचे भाऊ, राहायचे. छापखान्यातून निवृत्त झालेले. वडील कोकणात गावदेवीचे गुरव, त्यामुळे कौल लावणं घरातलंच. देवीच्या चांदीच्या टाकावर दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट पाहायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. जागा घ्यायची असो की मुलगी द्यायची, लोक नालासोपाऱ्याहूनही यायचे. "सांगते ती. मी नुसतं पाणी लावतो," असं भाऊ म्हणायचे.

त्यांचा एकुलता एक जितेंद्र कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. त्याला एक अजब नाद. परदेशी मालिकेतल्या परग्रहावरच्या लढवय्यांसाठी कुणा विद्वानाने एक आख्खी भाषा बसवली आहे, क्लिंगॉन नावाची. तिचा शब्दकोश त्याने अमेरिकेतल्या मित्राकडून मागवला होता. जेवताना तो बापाला शब्द शिकवायचा.

"गुळण्या करता करता बोलायची काय रे ही?" भाऊ विचारायचे.

"बाबा, लढवय्ये आहेत ते. तुमच्या गाऱ्हाण्यासारखं 'म्हाराजा, म्हाराजा' करत नाहीत."

जितेंद्रची बायको राधिका दोघांच्या ताटात भात वाढत हसायची. सासू लग्नाआधीच गेलेली. तिघांचं घर तसं सुखी होतं.

सत्त्याण्णव साली जितेंद्रच्या डोक्यात गाठ निघाली. ऑपरेशन करावं की नाही, यावर डॉक्टरांचंच एकमत होईना. भाऊंनी कौल लावला. उजवी पाकळी पडली. जितेंद्र ऑपरेशनमधून परत आला नाही.

टाक फडक्यात गुंडाळून कपाटात गेला. कुणी कौल मागायला आलं की भाऊ दारातूनच सांगायचे, "देवी गावी गेलीय." लोकांना वाटायचं, भाऊ सावरले, थट्टा करायला लागले. राधिका माहेरी गेली नाही. सकाळी शाळेत शिकवायला जायची, संध्याकाळी येऊन भाकऱ्या थापायची. ती येईपर्यंत भाऊ खिडकीत जितूचा शब्दकोश घेऊन बसलेले असायचे.

दोनेक वर्षांनी राधिकाच्या भावाने स्थळ आणलं. नाशिकचा, बँकेतला, बायको वारलेला. त्याला भेटून आली त्या दिवशी ती जिन्यात गुणगुणत होती. मला पाहून गप्प झाली. पण भाऊंना एकटं टाकायचं तिच्याच्याने होईना. शेवटी तिने सगळं देवीवर टाकलं.

"बाबा, कौल लावा. डावी पडली तर हा विषय माझ्याकडून संपला."

"मी त्या बाईशी बोलत नाही."

"मग मी नकार कळवते."

भाऊंचा नाइलाज झाला. कौलाला साक्षीला माणूस लागतं म्हणून मला बोलावलं. राधिकाला पाहवत नव्हतं. ती स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. भाऊंनी टाक घासला, मोगऱ्याच्या पाकळ्या लावल्या, हात जोडले. मला वाटलं आता नेहमीचं गाऱ्हाणं सुरू होईल. त्यांनी घशातून एकच शब्द काढला, "हिकेष."

"हे काय, भाऊ?"

"जितूची भाषा. मराठीतलं सगळं इस्पितळात मागून झालं, वहिनी. ते शब्द तोंडात आले की फिनेलचा वास येतो. या भाषेत 'कृपया' नाहीच. आख्खं पुस्तक शोधलं. लाचारी करायची सोयच नाही."

"पण मागितलंत काय?"

"मला सल्ला दे, म्हटलं. हुकूम देण्याला निराळा शब्द आहे. तो नाही वापरला."

आम्ही बसून राहिलो. पंखा बंद होता, घाम मानेवरून ओघळत होता. आणि डावी पाकळी सुटली.

भाऊंचा चेहरा उजळला, खोटं कशाला सांगू. राधिका गेल्यावर त्या घरात काय उरणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि देवी सांगत होती, ठेवून घे तिला. ते पाकळीकडे बघत राहिले. मग ती उचलली, बोट ओलं करून परत डाव्या खांद्याला चिकटवली, आणि उजवी नखाने अलगद पाडली.

गुरवाच्या मुलाने हे करावं!

"सल्लाच मागितला होता, वहिनी," ते पुटपुटले. मग मोठ्याने, "राधिका, ये. उजवी पडली बघ."

ती आली आणि रडत त्यांच्या पाया पडायला वाकली. "माझ्या नको. तिच्या पड," म्हणून भाऊ मागे सरकले.

राधिका नाशिकला गेली, सुखात राहिली. पण कौलावरचा तिचा विश्वास असा बसला की काही अडलं की तिचा आमच्याकडे फोन यायचा. "वहिनी, बाबांना बोलवा ना. कौल हवाय." भाऊ रिसीव्हर धरून म्हणायचे, "तुला काय हवंय, ते आधी सांग." सगळं ऐकून घ्यायचे. मग आमच्याच खोलीत बसून चहा प्यायचे आणि मला तिचा नंबर फिरवायला सांगायचे. "उजवी पडली गं. हो, लगेच सुटली."

एकदा मी म्हटलं, "भाऊ, एवढी पोर विश्वासाने विचारते. एकदा खरंच लावा ना कौल."

"कुठल्या तोंडाने? देवीचं ऐकलं तेव्हा जितू गेला. नाही ऐकलं तेव्हा राधिकाचं भलं झालं. आता मी तिला काय विचारू, आणि ती मला काय सांगणार?"

कपबशी त्यांनी स्वतःच विसळून ठेवली. जेवायला थांबा म्हटलं, तर घरी भात लावलाय म्हणाले. लावलेला नव्हता. खालून येताना मी उघड्या दारातून त्यांचा गॅस थंडच पाहिला होता.