दुसऱ्याच्या शेळीचं दावं

माझ्या दोन्ही शेळ्या चोरीला गेल्या, त्या आठवड्यात मी देवीशी बोलणं सोडलं. त्याआधी मालक झाडावरून पडून कमरेनं अधू झाले होते. राजगडाच्या पायथ्याला, पालीत आमचं घर. गडावर येणाऱ्यांना चहा देणाऱ्या टपरीवर मी शेळ्यांचं दूध घालायची, त्यावर आमचं दोघांचं भागायचं. भर दुपारी शेळ्या माळावरून गेल्या. मी खाली झऱ्यावर पाणी आणायला गेले होते, तेवढाच वेळ. रोज हात जोडून आपल्याला काय मिळालं, असं वाटू लागलं.

कुणी विकायला आणल्या असतील तर दिसतील, म्हणून बाजाराच्या दिवशी एसटीनं भोरला गेले. सकाळपासून एकेक शेळी निरखली. माझ्या कुठंच नव्हत्या. परत निघाले, तर बाजाराच्या कडेला लिंबाच्या खोडाला एक तांबडी गाभण शेळी बांधलेली. जवळ कुणी नव्हतं. आजवर कुणाच्या वावरातली शेंग मी विचारल्याशिवाय तोडली नव्हती. पण त्या घडीला मनात एवढंच आलं, की माझ्या नेल्या तेव्हा कुणाला दया आली होती? मी खाली बसले आणि दाव्याची गाठ सोडायला लागले.

गाठ सुटली आणि मागून आवाज आला, “धरलीस व्हय, बाई? बरं झालं. सारखी सुटतीया ती गाठ. जरा धरून ठेव, म्या पाणी पिऊन येते.”

काठी टेकत एक म्हातारी आली होती. माझ्या उत्तराची वाट न बघता ती गर्दीत गेली, आणि बराच वेळ आलीच नाही. दावं माझ्या हातात होतं. स्टँड जवळ होतं. पण पाय उचलेना. मघाशी ती शेळी कुणाचीच नव्हती, म्हणून हात धजला होता. आता ती माझ्या हवाली केलेली होती.

म्हातारी परतली. गप्प राहिले असते तर तिला कधीच कळलं नसतं. तरी तोंडून निघून गेलं, “आज्जी, गाठ आपसूक सुटली न्हाई. म्याच सोडत होते. न्यायला.”

ती दगडावर बसली आणि कुठली, काय, सगळं विचारलं. मी सांगितलं, रडत रडत.

“आन् म्या गेल्यावर का न्हाई नेलीस?”

“तुमी धराया सांगितली व्हती.”

आज्जी किकवी गावच्या. गुडघे गेले, राखायला घरात कुणी नाही, म्हणून शेळी विकायला आणलेली. पण गिऱ्हाईक येई ते खाटिकच, आणि गाभण जनावर खाटकाच्या हाती द्यायला आज्जींचं मन होईना. शेवटी म्हणाल्या, “अर्धलीनं घेऊन जा. पिल्लं निम्मी तुजी, निम्मी माजी. दूध तुजंच.”

घरी आल्यावर मालकांपासूनही काही लपवलं नाही. ते उठता येत नसतानाही सरकत सरकत शेळीला पाला टाकायला गेले.

शेळीला दोन पिल्लं झाली, दोन्ही पाटी, माद्या. त्यातली जी जास्त धष्टपुष्ट, ती मी किकवीला पोचवली. आज्जींनी शेजारणीला हाक मारली, “ही पालीची बाई बघ. हिच्या हातात दावं दिलं की मला घोर न्हाई.” मी मान खाली घातली, पण आतून ताठ झाले.

माझ्या शेळ्या अजून मिळालेल्या नाहीत. अभिमान देवाच्या पायाशी ठेवावा म्हणतात. मी बाकी सगळं ठेवलंय, आज्जींच्या त्या बोलण्याचा एवढा अभिमान मात्र जवळ बाळगलाय. त्या दिवशी मी देवीकडं काहीच मागितलं नव्हतं, तिच्याशी बोलतही नव्हते. तरी मला ढळू देणार नाही असं कुणीतरी ठरवलं होतं. आता मागताना मी वस्तूचं नाव घेत नाही. जे देशील ते सांभाळायची बुद्धी दे, एवढंच म्हणते.