मामाची पत्रिका देवापाशी

आमच्या सुनीताचं लग्न ठरलं तेव्हा घरात सगळे आनंदात होते. पण कमल, म्हणजे माझी बायको, हसता हसता मध्येच गप्प व्हायची. का, ते मला ठाऊक होतं, म्हणून मी विचारत नव्हतो. आमच्याकडे मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. मामा नसला म्हणून लग्न काही अडत नाही, नात्यातल्या कोणाला तरी उभं करतात. पण मांडवातल्या साऱ्या बायका ते बघतात आणि नवरीच्या आईला मान वर करता येत नाही. सुनीताला मामा होता, चांगला धडधाकट होता आणि एका दिवसाच्या सायकलीच्या वाटेवर राहत होता. त्याच्याशी आमचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं, आणि त्याला कारण मी होतो.

कारण सांगायची आज लाज वाटते. माझे सासरे गेले, त्यांच्या तेराव्याला पंगत बसली होती. जेवणाआधी जावयांना टॉवेल-टोपी देण्याची रीत. कमलचा धाकटा भाऊ दिगंबर एकेकाचं नाव घेऊन टोपी घालत होता, आणि माझं नाव राहून गेलं. बाप गेलेला माणूस, तेरा दिवस धड झोपला नव्हता, राहिलं असेल. पण मी पडलो शिंपी. जन्मभर दुसऱ्यांना कपडे शिवून देणारा मी, आणि भर पंगतीत माझंच डोकं उघडं! मी वाढलेल्या ताटावरून उठलो. दिगंबर मागे धावत आला, पण मी काही ऐकेना, तेव्हा तोही वैतागून म्हणाला, टोपीसाठीच आला होता काय. बस्स, ते वाक्य मी घट्ट धरून बसलो. मी सासरी गेलो नाही आणि कमललाही माहेरी जाऊ दिलं नाही. तिनं एकदाही भांडण केलं नाही. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

पत्रिका छापून आल्या. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, पण छापखान्यानं सवयीनं परभणीच छापलं. ते आम्ही प्रत्येक पत्रिकेवर हातानं खोडून हिंगोली केलं. पहिली पत्रिका देवाची असते. आमचं नामदेव शिंप्यांचं घर, म्हणून ती नरसीला नामदेव महाराजांपुढे ठेवायची. देवाच्या पत्रिकेच्या चार कोपऱ्यांना हळद-कुंकू लावतात. कमलनं देवाची पत्रिका सजवली, मग दुसरी घेतली आणि तिलाही तसंच चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलं. ती कोणाची, हे मी विचारलं नाही. तिनं दोन्ही पाकिटांवर नावं घालून माझ्या पिशवीत ठेवली. मी म्हणालो, जीपनं जाऊन येतो. त्यावर ती म्हणाली, "जीपनं गेलात तर दारातूनच परत याल. सायकलीवर जा. वाटंनं राग तरी उतरंल."

फाल्गुन होता. सकाळी निघालो तेव्हा गारवा होता. मी तसा रोज सायकलीवर बसणारा माणूस, पण त्या दिवशी इतक्या हळू पायडल मारत होतो की डोक्यावर भारे घेतलेल्या बायासुद्धा माझ्या बरोबरीनं चालत होत्या. शेतातल्या तुरी निघून गेल्या होत्या, गहू पिवळा पडला होता, बांधावरचे पळस फुलले होते. रस्त्यावर मधूनच एखादी भरलेली जीप जायची, मग पुन्हा सगळं शांत. एरवी अशा रस्त्यानं जाताना मी गुणगुणतो. त्या दिवशी मी मनात दिगंबरशी भांडत होतो. तो असं म्हणेल, मग मी तसं म्हणेन. आणि खरं सांगतो, आतून मला तो घरी नसावा असंच वाटत होतं. पत्रिका दारात ठेवायची, देऊन आलो म्हणून सांगायचं आणि मोकळं व्हायचं.

नरसीला पोचून हातपाय धुतले. पिशवीत हात घातला तेव्हा कळलं, चष्मा शिलाई मशीनवरच राहिला. दोन पाकिटं, दोन्हींच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू. बोटाला लागलं ते वरचं पाकीट देवाचं समजून काढलं, महाराजांपुढे ठेवलं आणि डोकं टेकवलं. काही मागावं असं मनात आलंच नाही. उलट थोडा रागच आला, की अकरा वर्षांत तुम्ही तरी काय केलं.

बाहेर ओट्यावर भाकरी सोडून बसलो. शेजारी लाल पागोटं बांधलेले एक म्हातारबा बसले होते. बोलण्यावरून तांड्यावरचे वाटले. त्यांची जुनी सायकल भिंतीला टेकवलेली होती. औंढ्याकडं जायचंय म्हणाले. मी अर्धी भाकरी पुढे केली, त्यांनी कांदा फोडला. मग काय झालं माझं मलाच कळलं नाही. ज्या माणसाला पुन्हा कधी भेटायचं नाही, त्याच्यापाशी बोलणं सोपं जात असेल. पंगत, टोपी, कमलचं माहेर, सगळं मी त्यांना सांगितलं, आणि शेवटी जे कधी कोणाला म्हणालो नव्हतो तेही म्हणालो, "चूक माझी व्हती. त्याच्या बापाच्या तेराव्याला मी ताटावरून उठलो."

म्हातारबांनी हात झटकले. "मग हे तिथं सांगा की. मला काहून सांगून राहिले?"

"तिथं माझी जीभ रेटत न्हाई," मी म्हणालो. ते उठून दर्शनाला आत गेले, आणि मी सायकल काढली.

हिंगोलीला पोचलो तर बाजार भरलेला. मला थांबायला निमित्तच हवं होतं. कापडाच्या दुकानांपुढून सायकल हातात धरून फिरलो, घ्यायची नव्हती ती अस्तरं चाचपून पाहिली, एका ओळखीच्या शिंप्याच्या मशीनपाशी बसून दोनदा चहा प्यालो. त्यानं लग्नाचं विचारलं. मामाकडचं कोण कोण येणार म्हणाला तेव्हा मी उठलो. असे दोन तास गेले. सायकलीवर इतका निवांत दिवस मी आयुष्यात काढला नव्हता, आणि इतका जड दिवसही नव्हता काढला.

पुढे कयाधूचा पूल ओलांडून दिगंबरच्या गावाच्या फाट्यावर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. टोपी सारखी केली, घाम पुसला आणि पाकीट बाहेर काढलं. हात लांब करून उन्हात धरलं तेव्हा कमलनं ठसठशीत लिहिलेलं नाव दिसलं. श्री संत नामदेव महाराज. मी तिथंच रस्त्याच्या कडेला बसलो. मामाची पत्रिका देवापाशी ठेवून आलो होतो, आणि देवाची पत्रिका घेऊन मामाच्या दारात निघालो होतो.

आता लपवून काय उपयोग? मला हायसं वाटलं. रिकाम्या हातानं जाता येत नाही, दुसऱ्याच्या नावाची पत्रिका देता येत नाही. आणि दिगंबरला तर मी मुद्दाम त्याचं नाव गाळून उट्टं काढल्यासारखं वाटलं असतं. देवालाच मंजूर नाही, असं मनाशी म्हणालो. घरी कमलला काय सांगायचं तेही ठरवलं. सायकल फिरवली. फिरवताना तिचा चेहरा डोळ्यांपुढे आला, तरीही फिरवली.

"दाजी! सायकल काहून फिरवली?"

गावाच्या बाजूनं दिगंबर सायकलीवर येत होता. केस पांढरे झाले होते, चालवण्याची ढब तीच, एका अंगाला कललेली. जवळ येऊन उतरला. त्याच्या खिशातून पाकीट डोकावत होतं आणि त्याच्या कोपऱ्याला हळद-कुंकू होतं. तो म्हणाला, घंटाभर झाला, लाल पागोट्याचे एक म्हातारबा सायकलीवर घर विचारत आले. पाकीट हातात दिलं, पाणी प्याले आणि निघाले. पाकीट देवापुढं राहिलं व्हतं म्हणाले, आणणारा मागून येऊन राहिला, त्याला वेळ लागंल म्हणाले.

"आजून एक बोलले," दिगंबर म्हणाला आणि सायकलीच्या घंटीकडे बघत राहिला. "म्हणले, तुमचे दाजी म्हणून राहिले की चूक त्यांची व्हती. खरं हाये का ते?"

मला फक्त मान हलवायची होती. अकरा वर्षं जे जिभेवर आलं नव्हतं ते माझ्या आधी येऊन पोचलं होतं. मी मान हलवली. मग रडू आवरलं नाही. दिगंबर म्हणाला, "मीबी वंगाळ बोललो व्हतो, दाजी." आम्ही दोघं दोन सायकली हातात धरून गावात गेलो.

घरी त्याच्या बायकोनं पाय धुवायला पाणी दिलं, चुलीवर तवा टाकला. दिगंबर आत गेला, पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि तो टॉवेल-टोपी घेऊन बाहेर आला. त्याच दिवसाची होती. पंगत उठल्यावर पिशवीच्या तळाशी सापडली म्हणे. टोपी घडीवर पिवळी पडली होती. कापड ओळखणारा माणूस मी, ती अकरा वर्षं उघडली गेली नव्हती हे मला हातात घेताच समजलं. ती त्यानं माझ्या डोक्यावर घातली, आणि मग मी त्याच्या घरात पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं सायकलीवर नरसीला गेलो आणि देवाची पत्रिका देवाला दिली. तिथल्या पुजाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, लाल पागोट्याच्या एका माणसानं वरच्या पाकिटावरचं नाव-गाव वाचून मागितलं होतं, आणि ही इथली न्हाई म्हणून उचललं होतं. एवढंच. तिथून आम्ही सेनगावला आमच्या घरी आलो. कमल दारात गहू निवडत बसली होती. आधी तिला मी दिसलो, मग माझ्या मागे तिचा भाऊ. ती सूप हातात घेऊन तशीच उभी राहिली, आणि गहू अंगणभर सांडले.

सुनीताच्या पाठीशी तिचा मामा उभा राहिला. कमलची मान त्या दिवशी ताठ होती. लग्नाआधी आणि नंतरही मी औंढ्याकडच्या तीन-चार तांड्यांवर सायकलीनं गेलो, लाल पागोट्याच्या म्हातारबांचं वर्णन सांगितलं. तिथल्या लोकांनी चहा पाजला, पण ओळख कोणालाच पटली नाही. ते कोण होते याचा वाद मी घालत नाही. भाकरी खाणारं, कांदा फोडणारं माणूस होतं, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. महाराजांपुढे मी काही मागितलं नव्हतं, रुसूनच डोकं टेकवलं होतं. माझ्या हुशारीनं त्या दिवशी सायकल परत फिरवली होती. जे झालं ते माझ्या चुकीतून झालं, आणि तेव्हापासून सगळं माझ्याच हातात धरून ठेवायची सवय मी थोडी थोडी सोडत आलो आहे.

एक पत्रिका मी त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवली होती. कमलनं तिच्याही चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलं आणि पाकिटावर काय लिहू म्हणून विचारलं. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. ओट्यावर त्यांच्या शेजारी इतका वेळ बसलो, माझं सगळं रडगाणं ऐकवलं, आणि त्यांना नाव विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. माझं एक नाव राहिलं म्हणून मी भरल्या ताटावरून उठलो होतो. त्यांचं तर मी नावही विचारलं नाही, आणि ते माझी पत्रिका घेऊन भर उन्हात माझ्या पुढे गेले. ते कोरं पाकीट अजून आमच्या देव्हाऱ्यात आहे. रोज दिवा लावताना मी त्यालाही हात जोडतो.