खिळ्यावरचं मासिक

माझा नवरा मासिकांच्या पानांची मांडणी करतो. खुर्चीतून उठायचं म्हटलं तरी त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. अशा माणसाकडे व्यायामाचं मासिक आलं, तेही साठीच्या पुढच्यांसाठी. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," मी म्हटलं. तर म्हणतो कसा, "मी फक्त मांडतोय, करत नाहीये."

त्याने जीव ओतून नमुना अंक केला. टपोरी अक्षरं, गुळगुळीत कागद, पानोपानी हसरे आजी-आजोबा. मासिकाच्या मालकांना दाखवण्याआधी तो त्याने सासूबाईंच्या हातात दिला. न्हाणीघरात पाय घसरल्यापासून त्यांनी जिन्याचं नावच टाकलं होतं. हाड कधीच जुळलं, भीती काही जाईना. आई पुन्हा खाली उतरावी हाच त्याचा खरा ध्यास होता, मासिक हे निमित्त.

सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं, "दोन्ही हात वर करा." मग लेकाकडे पाहिलं. "आणि हे काय दातात धरू?"

मी हसून हसून बेजार. त्याचा चेहरा पडला तेव्हा मात्र वाईट वाटलं. टेबलावर ठेवावा तर अंक आपोआप मिटायचा. शेवटी त्याने पानं लांबट केली, एका पानावर एकच व्यायाम घेतला, वर भोक पाडलं आणि अंक कॅलेंडरसारखा स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगला. सासूबाई ओट्याला धरून टाचा उचलायच्या. अक्षरं लांबून दिसतात का ते बघायला नवराही मागे उभा राहून उचलायचा, आणि धाप त्यालाच लागायची.

मालकांकडे जायच्या दिवशी त्याची नेहमीची धांदल. तो खाली गेला आणि माझं लक्ष खिळ्याकडे गेलं. अंक तिथेच! माझे हात साबणाने भरलेले. ते धुऊन वळते तो खिळा रिकामा आणि दार उघडं.

जिन्यात सासूबाई कठडा धरून सावकाश उतरत होत्या. मी मागोमाग गेले, पण हाक मारायचा धीर झाला नाही. खाली नवऱ्याने वर पाहिलं आणि सुरू केलेली स्कूटर बंद केली.

"विसरभोळ्या, हे घे."

त्याने अंक घेतलाच नाही, आईचा हात धरून उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते, माझेही.

"जा आता, मालक खोळंबले असतील," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी मागे वळून जिन्याकडे पाहिलं. "पण आधी सांग, वर चढायचं कुठल्या पानावर आहे?"