चौथं बोट
ओल्या मुरमाचा वास आला की मला कडावच्या बाजूला बांधलेल्या एका शाळेची जमीन आठवते. दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट मुरूम आम्ही बायकांनी वर्गात पसरला, पाणी मारलं आणि दांड्याचा जड धुम्मस घालून, चार बोटं जाडी उरेल असा घट्ट कुटला. दुपारी ठेकेदाराचा कारकून टेप घेऊन आला. जमीन मोजून म्हणाला, "चार बोटं जाडीनं एक ब्रास चारशे चौरस फुटांना पुरतो. इथं तीनशेच भरली. बाकीचा मुरूम तुम्ही घरी नेलात." बाकीच्या बायकांनी माना खाली घातल्या. माझं डोकंच फिरलं. बाहेरच्या ढिगातला सुटा मुरूम मी त्याच्यासमोर पसरला, आडवी चार बोटं लावून जाडी दाखवली आणि धुम्मस त्याच्या हातात दिला. "कुटा, सायेब." चार बाया बघतायत म्हटल्यावर त्यानं घाम गाळून कुटला. मी परत बोटं लावली, तर तीनच बसली. म्हटलं, "मुरूम कुटल्यावर दबतो, सायेब. का ह्ये चौथं बोटपण मी घरी नेलं?" तो टेप गुंडाळायला लागला. आता माझी बोटं वाकडी झाली आहेत. पण कागदावरच्या हिशेबानं कुणी मला चोर ठरवायला आलाच, तर धुम्मस आजही त्याच्याच हातात देईन.