हरलो की तू फोन कर

माझा मोठा भाऊ अमेरिकेत ज्या शहरात एकतीस वर्षं राहिला, तिथल्या फुटबॉल संघाचा इतिहास मला आमच्या स्वतःच्या घराण्यापेक्षा जास्त पाठ आहे. पणजोबांचं नाव विचारलंत तर मला जरा आठवावं लागेल. पण तो संघ कुणी काढला, का काढला, कोणत्या वर्षी कुणाचा गुडघा मोडला, हे झोपेतून उठवून विचारा. यात माझं कर्तृत्व काही नाही. दादाने चौदा वर्षं फोनवरून माझं डोकं खाल्लं, त्याचा हा परिणाम.

संघ काढला पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका कारखानदाराने. रविवारी कामगार दारू पिऊन पडतात आणि सोमवारी कामावर येत नाहीत, म्हणून त्याने त्यांच्या हातात चेंडू दिला. झालं उलटंच. रविवारी खेळून लोक असे जायबंदी व्हायला लागले की सोमवारी निम्मा कारखाना लंगडत यायचा. तरी संघ टिकला, मोठा झाला, पगारी खेळाडू आले, रेल्वेच्या पडीक जागेवर मैदान उभं राहिलं. एकदाच अजिंक्यपद मिळालं, तेही दादाच्या जन्माच्या आदल्या वर्षी. पण दादा त्याबद्दल असा बोलायचा की जणू चषक यानेच खांद्यावरून घरी आणला होता. पुढे एकदा अंतिम सामन्यात शेवटची किक खांबाच्या वीतभर बाहेरून गेली आणि सगळं संपलं. ज्याने ती मारली त्याने नंतर त्याच शहरात हार्डवेअरचं दुकान टाकलं. लोक त्याला मरेपर्यंत त्या किकबद्दल बोलले आणि खिळे मात्र त्याच्याकडूनच घेत राहिले. दादाला ही गोष्ट फार आवडायची.

दादा तिथे शिकायला गेला तेव्हा एका म्हाताऱ्याच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहायचा. म्हातारा त्याच डब्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. त्याची बायको नुकतीच गेली होती आणि मैदानावरची तिची वर्षभराची जागा रिकामी होती. पहिल्याच थंडीत त्याने दादाला वरून हाक मारून खाली बोलावलं, बायकोची लोकरीची टोपी याच्या डोक्यावर घातली आणि सोबत नेलं. दादाला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याला द्यायचा, एवढं त्याला म्हाताऱ्याने बोटांवर शिकवलं. संघ त्या दिवशी हरला. घरी येऊन दोघं सूप प्यायले. परक्या देशात आपल्याला कुणीतरी स्वतःच्या दुःखात सामील करून घेतलं, असं दादा म्हणायचा. म्हातारा वारल्यावर दोन्ही जागा दादाकडे आल्या. वहिनी एक वर्ष पुस्तक घेऊन जाऊन बसली आणि मग तिने घरीच बसणं पसंत केलं. ती गोंड्याची बायकी टोपी मात्र दादाने कधी सोडली नाही.

मी नवऱ्याच्या नोकरीमागे ऑकलंडला आले. आम्ही बॉटनी डाउन्सला राहतो. इथे रग्बीशिवाय दुसरा खेळ म्हणजे पोरखेळ. शेजारचे काका कुंपणावरून मला विचारायचे की हेल्मेट घालून आणि दर दहा सेकंदांनी विश्रांती घेऊन खेळतात, त्याला खेळ का म्हणायचं. मी आपली हसायचे. दादाची रविवार दुपारची मॅच आमच्याकडे सोमवारी पहाटे यायची. मोसम सुरू होताना पाचला, आमची घड्याळं उन्हाळ्यासाठी तासभर पुढे गेली की सहाला, त्यांची हिवाळ्यासाठी मागे गेली की सातला. फ्रिजवर त्याचा तक्ता लावलेला असायचा. सोमवारी मी ऑफिसला उशिरा जायचे. चहा घेऊन लॅपटॉपसमोर बसायचे आणि मॅच संपली की फोन व्हायचा.

फोन कुणी करायचा याचा नियम होता. आमचे बाबा एका बाबतीत फार कडक होते. कुणाकडे माणूस गेलं असेल तर बोलावण्याची वाट बघायची नाही, चपला घालायच्या आणि निघायचं. लग्नमुंजीला मात्र आमंत्रण आल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. दादाने तोच नियम फुटबॉलला लावला. म्हणाला, "जिंकलो तर मी फोन करून तुला आनंदात बोलावीन. हरलो की तू फोन कर. दुःखात आमंत्रण देत नाहीत." संघ बहुतेक वेळा हरायचाच, त्यामुळे फोनचा भार माझ्यावर. मी फोन केला की तो आधी नुसता सुस्कारा टाकायचा. मग मी "गेले का?" असं विचारायचे, तो "गेले" म्हणायचा, आणि आम्ही दोघं हसत सुटायचो. मग तासभर इतर गप्पा. वहिनीची पाठदुखी, माझ्या लेकीचं मराठी समजणं आणि इंग्रजीत उत्तर देणं, पुण्यातल्या बंद फ्लॅटचं काय करायचं. सगळं त्या हरण्याच्या निमित्ताने.

मग संघाचा मालक नवीन मैदान मागायला लागला. शहराने नाही म्हटलं. गेल्या मार्चमध्ये त्याने जाहीर केलं की संघ दक्षिणेतल्या एका उबदार, पैसेवाल्या शहरात जाणार. नाव तेच, रंग तेच, गाव दुसरं. दादाने लगेच फोन केला. संघ जिंकलेला नसताना त्याने केलेला तो पहिला फोन. त्याला किती लागलंय, हे मला तेव्हाच समजायला हवं होतं.

तो बोलत होता आणि मी डबा भरत होते. मला नऊच्या आत ऑफिसला पोचायचं होतं. तो म्हणाला की कारखाना गेला, म्हातारा गेला, आता हेही नेलं, म्हणजे मी या गावात कशासाठी राहतोय. मला ते जरा अति वाटलं. मी म्हटलं, एवढं काय त्यात, आपणही आलोच ना घर सोडून.

"आपण गेलो, पण गाव जागेवर ठेवून गेलो," तो म्हणाला. "कुणाचं काही उचलून नेलं नाही."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. माझा स्वभाव असा की शेवटचा शब्द माझाच लागतो, त्यावरून लहानपणी आईचा मार खाल्लाय. आणि त्या दिवशी माझ्या तोंडून आईचाच विषय निघाला. आई गेली तेव्हा मी पुण्यात पोचले होते, दादाचं तिकीट तीन दिवसांनंतरचं होतं. डॉक्टर म्हणाले होते की वेळ आहे. त्या रविवारी आईनेच त्याला फोनवर सांगितलं होतं की घरात कुढत बसू नकोस, तुझ्या मॅचला जा. तो गेला. मैदानातल्या गोंगाटात त्याला माझे फोन ऐकू आले नाहीत, एकूण अकरा. सात वर्षं यावर मी अवाक्षर काढलं नव्हतं. त्या सकाळी काढलं.

"गाव राहिलं जागेवर," मी म्हटलं. "आई नाही राहिली. ती गेली तेव्हा तू याच संघासाठी टाळ्या वाजवत होतास."

त्याने फोन ठेवला नाही. मग अगदी हळू म्हणाला की मेला तो संघ माझ्यापुरता, आता विषय नको. आणि मग ठेवला.

मी दोन दिवस स्वतःला पटवत राहिले की खरं तेच बोलले. तिसऱ्या दिवशी लाज वाटायला लागली. पण लाज वाटणं आणि फोन करणं यात माझ्या बाबतीत मोठं अंतर असतं. मोठा आहे, त्याने करावा, असं मनाशी धरून बसले. एप्रिल गेला, मे गेला. माझ्या वाढदिवसाला त्याचा दोन ओळींचा मेसेज आला, मी एका ओळीचं उत्तर दिलं. नवरा म्हणाला की लहान मुलांसारखं काय चाललंय तुमचं. मी त्याच्यावरच डाफरले.

सप्टेंबरमध्ये नव्या गावात संघाचा पहिला मोसम सुरू झाला. मी पाहणार नव्हते. पण पहिल्या सोमवारी पाच वाजता आपोआप जाग आली. आवाज बंद करून लॅपटॉप लावला. तेच रंग, मागे ताडाची झाडं, प्रेक्षक अर्ध्या चड्डीत. संघ हरला. फोन हातात घेतला, दादाचं नाव काढलं. मग वाटलं, त्याच्यापुरता संघ मेलाय, तो बघत नसणार. जो बघत नाही त्याचं सांत्वन कसलं करायचं? उलट जखमेवर मीठ चोळल्यासारखं होईल. फोन खाली ठेवला. आज सांगते, ही पळवाट होती. तो मला टाकून बोलला तर, ही भीती होती.

दुसऱ्या सोमवारीही हरले. तिसऱ्याही. असे सलग सहा सामने. प्रत्येक वेळी मी चहा गार होईपर्यंत फोन हातात धरून बसत होते आणि मग अंघोळीला जात होते.

दिवाळीला दहा दिवस होते. मी न्यू लिनच्या भारतीय दुकानात चकलीची भाजणी आणि पोहे घेत होते. वहिनीचा फोन आला. मला आधी वाटलं, दादाने तिला मध्ये घातलं शेवटी, आणि मनातून इतकं बरं वाटलं की मी "बोला, आली का आमची आठवण?" असं चक्क ठसक्यात विचारलं. वहिनी म्हणाली, "तो गेला गं. सकाळी गेला." मी पोह्यांची पिशवी शेल्फवर नीट परत ठेवली. का ठेवली, माहीत नाही. दुकानदाराने मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

यकृताचा आजार होता, जूनमध्ये कळला होता. दादाने वहिनीला शपथ घातली होती की मला कळवायचं नाही. आमच्यात हे असंच चालतं. लांबच्या माणसाला काळजी नको म्हणून त्याच्यापासून लपवायचं, आणि लांबच्या माणसाने मग एका फोनमध्ये सगळं एकदम ऐकायचं. आईच्या वेळीही निम्मं लपवलं होतं. मीच लपवलं होतं, दादापासून.

मी पोचेपर्यंत त्यांनी त्याला ठेवलं होतं. त्याबद्दल लिहिणार नाही. दुसऱ्या दिवशी वहिनीने मला त्याच्या खोलीत नेलं. पलंगासमोर टीव्ही लावून घेतला होता, खुंटीवर गोंड्याची टोपी होती. मी विचारलं की टीव्ही कशाला. वहिनी म्हणाली, मॅच बघायला. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. म्हटलं, त्याने तर सोडलं होतं ना सगळं?

वहिनी पलंगाच्या कडेवर बसली. तिला माहीत नव्हतं की ती काय सांगतेय.

"कुठलं सोडतोय? दर रविवारी बघायचा. हरले की मला टीव्ही बंद करायला लावायचा आणि फोन उशाशी मागायचा. म्हणायचा, हरलोय आज, ती करेल. तिच्याकडे आता सकाळ आहे, ती बघत असणार. मी म्हणायचे, तूच कर ना मग. तर म्हणे, नाही, नियम आहे. फोनवर ती आली की मीच सांगीन तिला आजाराचं. अंधार पडेपर्यंत तसाच बसायचा फोन घेऊन."

मी तिला नियम सांगितला नाही. सांगितला असता तर तिने मला जवळ घेतलं असतं, आणि ते मला चालणार नव्हतं. सहा वेळा तो दुःखात बसला होता आणि सहा वेळा मी चपला घातल्या नाहीत. त्याला माझ्यावर राग नव्हता. तो फक्त नियमाप्रमाणे वाट बघत होता, आणि मी येईन याची त्याला खात्री होती. रागावलेला असता तर मला आज थोडं सोपं गेलं असतं.

बारावं-तेरावं करून मी परत आले. दिवाळी केव्हाच होऊन गेली होती. वहिनीने टोपी माझ्या बॅगेत घातली होती, ती अजून मी बाहेर काढलेली नाही. तिकडची घड्याळं मागे गेली होती, म्हणजे मॅच सातला. त्या सोमवारी ऑफिसला रजाच होती. मी चहा केला, लॅपटॉप लावला, आवाज मोठा ठेवला. लपवायचं कुणापासून?

संघ चांगला खेळला. शेवटची दोन मिनिटं राहिली तेव्हा आम्ही तीन गुणांनी मागे होतो, आणि मग चौथ्या प्रयत्नात एका पोराने चेंडू घेऊन जी धाव घेतली ती थेट शेवटच्या रेषेपलीकडे. त्या मोसमातला पहिला विजय. लेकीची त्या दिवशी दुपारची परीक्षा होती, ती शाळेचा युनिफॉर्म घालून खाली आली. स्क्रीनवर सगळे एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होते आणि मी टेबलावर फोन उताणा ठेवून त्याच्याकडे बघत होते.

"आर यू वेटिंग फॉर अ कॉल, मम्मा?" तिने विचारलं.

मी नाही म्हटलं आणि तिला डबा दिला. ती गेली. मी परत येऊन तिथेच बसले. आज मी फोन करायचा नव्हता. आज आम्ही जिंकलो होतो, आणि जिंकलो की फोन दादा करतो.